गुडघा बदलला, पण रात्रीची झोप गेली: चोविसाव्या दिवशी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडायचा म्हटलं तर असा आहे. आईंचं वय ६७. उजवा गुडघा बदलून २४ दिवस झाले. टाके निघाले, जखम कोरडी आहे, एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, "मस्त बसलाय." दिवसा आई वॉकर घेऊन घरभर हिंडतात. पण रात्री अकराला आडव्या झाल्या की दीड-दोनला उठतात आणि पहाटेपर्यंत कण्हत बसतात. किडनीवर परिणाम नको म्हणून सोळाव्या दिवशी तुम्ही सगळ्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. फिजिओ संध्याकाळी सातला येतो. रात्री गुडघ्याखाली जाड उशी दिली की त्यांना जरा बरं वाटतं. शेजारच्या काकू पंधराव्या दिवशी रंकाळ्याला चक्कर मारून आल्या होत्या, म्हणून आईंच्या मनानं घेतलंय की आपलं ऑपरेशन फसलं. परवा त्या तुम्हाला म्हणाल्या, "मी आता ह्येतनं उठतोय का न्हाई कुणास ठाऊक."

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. कोल्हापुरात पेठांपासून कसबा बावड्यापर्यंत घरी जाऊन गुडघा बदललेल्या माणसांना चालवायचं काम मी गेली एकवीस वर्षं करते. आईंचं हे वाक्य मी याच आठवड्यात दोन घरांत ऐकलंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री हैराण होणं हे या ऑपरेशनमध्ये इतकं नेहमीचं आहे, की ऑपरेशनच्या आधीच ते ठणकावून सांगायला हवं. तसं सांगितलं जात नाही. पायऱ्या कधी चढता येतील, मांडी घालता येईल का, हे सगळं बोलून होतं आणि झोपेचं राहून जातं.

तुमच्या वर्णनात ऑपरेशन फसल्याची खूण मला दिसत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर माझं हे उत्तर बाजूला ठेवून थेट सर्जनला फोन करायचा. थंडी वाजून ताप येणं. जखमेतून पाणी किंवा पू येणं. आधी कमी होत चाललेलं दुखणं अचानक दिवसरात्र वाढत जाणं, सोबत लाली आणि गरमपणाही वाढणं. पोटरी कडक होऊन सुजणं, दाबल्यावर दुखणं. पडल्यानंतर किंवा काटकन आवाज झाल्यानंतर सरळ पाय उचलताच न येणं. आणि एकदम धाप लागली, छातीत दुखलं तर फोनही करत बसू नका, गाडी काढा. पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर असं होतं. रक्त पातळ करायची गोळी ज्या तारखेपर्यंत सांगितली आहे तोपर्यंत ती चुकवायची नाही, ते याचसाठी.

यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

आधी शेजारच्या काकूंचा विषय संपवू. पंधराव्या दिवशी रंकाळ्यावर फिरणारी माणसं असतात, मी पाहिली आहेत. त्याच काकू रात्री किती वाजता उठत होत्या, हे मात्र कुणी सांगत नाही. गुडघा बदलतात म्हणजे काय करतात, ते आईंना एकदा नीट सांगा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक कापून आकार देतात, त्यावर धातूची टोपी आणि तबकडी बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती. हे करायला पुढचे स्नायू, पडदे, कातडी हे सगळं उघडावं लागतं. हाड कापलेलं असतं. ते भरून यायला वेळ लागणारच. चोविसाव्या दिवशी गुडघा सुजलेला, हाताला गरम लागणं हे धरूनच चालायचं. सूज तीन महिने, कधी सहा महिनेही रेंगाळते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर बधिर लागतं, तेही स्वाभाविक आहे, कातडीकडे जाणारी बारीक नस त्या छेदात तुटते. चालताना टक-टक आवाज येतो तो धातू आणि प्लास्टिकचा. त्याला घाबरायचं कारण नाही.

"स्वस्तातला गुडघा बसवला म्हणून दुखतंय का," असंही एका घरात मला विचारलं गेलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून लोकांच्या मनात हे बसलंय. तिसऱ्या आठवड्यातलं दुखणं इम्प्लांटच्या किमतीवरून ठरत नाही. ते सुजेचं आणि कापलेल्या मांसाचं दुखणं असतं, महागाच्या गुडघ्यालाही तेवढंच.

आता रात्रीचं. दिवसा माणसं असतात, चहा असतो, टीव्ही असतो, मन गुंतलेलं असतं. रात्री दिवा मालवला की सगळं लक्ष गुडघ्यावर. शरीरात सूज दाबून ठेवणारं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक असतं, तेही मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. तीन तास एकाच बाजूला पडून सांधा आखडतो. त्यात संध्याकाळच्या गोळीचा असर उतरलेला. या सगळ्याची वेळ जुळून येते ती दीड ते तीनच्या दरम्यान. आणि एक रात्र झोप नाही मिळाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, म्हणजे पुन्हा रात्रीची झोप जाते.

म्हणून मी घरच्यांना सांगते की दोन वाजता उठून काय करायचं हा प्रश्न दुय्यम आहे. रात्रीचं दुखणं रात्री आवरायला गेलात तर उशीर झालेला असतो. ते दुपारपासून सांभाळावं लागतं. तुमच्या पत्रात मला चार जागा दिसतात, आणि त्यातली पहिली गोळ्यांची आहे.

सोळाव्या दिवशी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या, ही चूक प्रेमापोटी होते आणि जवळजवळ प्रत्येक घरात होते. किडनीची भीती अगदीच खोटी नाही. एसेक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या ब्लडप्रेशर, शुगर, किडनी, ॲसिडिटी असलेल्यांना जपूनच द्याव्या लागतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्यांच्या जोडीनं पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्या किती दिवस घ्यायच्या ते सर्जननंच ठरवायचं. पण साधं पॅरासिटामॉल त्या गटातलं नाही. ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा म्हणजे २.६ ग्रॅम होतात, आणि यकृत धड असलेल्या ज्येष्ठांना साधारण ३ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. दुखायला लागल्यावर एक गोळी घेण्यापेक्षा काही आठवडे ठरलेल्या वेळी घेतली तर रात्र सुकर जाते. आईंच्या सर्जनना असं विचारा: "पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवू का, आणि रात्री झोपताना एक मात्रा येईल अशी वेळ लावून द्याल का?" नुसतं "गोळ्या चालू ठेवू का" असं विचारलंत तर "लागली तर घ्या" एवढंच उत्तर मिळतं.

डिस्चार्जच्या कागदावर आणखी एक गोळी असण्याची शक्यता आहे, प्रिगाबालिन. घरात तिला "नसांची गोळी" म्हणतात, रात्रीची असते, थोडी गुंगी आणते. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची जरा जोरदार गोळीही असेल. या दोन्ही बेतानं कमी करत आणायच्या असतात. एकदम तोडल्या तर काहींची झोप उडते, अंगात बेचैनी येते, घाम फुटतो. तुम्ही लिहिलंय की पहिले पंधरा दिवस रात्री चार-पाच तास झोप मिळत होती आणि "अलीकडे" बिघडलं. अलीकडे म्हणजे नेमकं कधीपासून? कॅलेंडर बघा. सतराव्या-अठराव्या दिवसापासून असेल तर मला तरी नवल वाटणार नाही. आता मनानं पुन्हा सुरू करू नका. सर्जनना सांगा, ते एखादी परत लावतील किंवा लावणार नाहीत.

आणि एक वही घाला. शाळेची चाळीस पानी पुरे. गोळीचं नाव, वेळ, आणि पुढे दुखणं दहापैकी किती. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचा, कारण ट्रॅमाडॉलच्या आणि एसेक्लोफेनॅकच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. मंगळवार पेठेतल्या एका घरात सून सकाळी एक नावाची देत होती, मुलगा रात्री दुसऱ्या नावाची, आणि बाम लावायला आलेली नणंद तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल होतं. वही घातल्यावर हे आमच्या लक्षात आलं.

दुसरी जागा उशीची. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण अर्धवट वाकलेल्या स्थितीत सुजलेल्या सांध्यातला ताण सगळ्यात कमी असतो. सांधा नेमक्या त्याच स्थितीत आखडूनही बसतो. सहा आठवडे रात्रभर गुडघा वाकडा राहिला तर तो पूर्ण सरळ होत नाही. मग माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू सारखा ताणलेला राहतो आणि त्याचं दुखणं वेगळं. वाकवणं मागाहूनही मिळवता येतं. सरळ होणं हातातून गेलं तर ते परत आणायला फार झगडावं लागतं. आज दुपारी एवढं करा. आईंना पलंगावर सपाट झोपवा, पाय सैल सोडायला सांगा आणि गुडघ्याच्या मागून तुमचा हात सरकवून बघा. तळहात सहज आरपार जात असेल तर गुडघा सरळ होत नाहीये. कागदाची घडी कशीबशी जात असेल तर ठीक चाललंय.

उशी द्यायचीच तर पोटरी आणि टाच यांच्या खाली, लांबीच्या दिशेनं द्या. एकावर एक दोन उशा, पाय छातीपेक्षा वर, गुडघा सरळ. दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. यानं सूज उतरते, आणि ती दिवसाउजेडी उतरली तर रात्री त्रास देत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घालून गुडघा हवेत मोकळा सोडायचा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हे दुखतं. आई "काढ रे ते" म्हणतील. तीन मिनिटांपासून सुरुवात करा.

रात्री पाठीवर झोप येत नसेल तर कुशीवर झोपलेलं चालतं, बहुतेक सर्जन हरकत घेत नाहीत. डाव्या कुशीवर, म्हणजे चांगला पाय खाली, आणि दोन्ही पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत लांब उशी. नुसत्या गुडघ्यांत उशी घातली तर पाऊल खाली लोंबतं आणि सांध्याला पीळ बसतो. जुनी गोधडी गुंडाळून ही उशी फार छान होते, बाजारातून आणायची गरज नाही.

तिसरी जागा म्हणजे दिवसभराचं चालणं आणि संध्याकाळी सातचा व्यायाम. "दिवसा घरभर हिंडतात" असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला तिथं शंका आली.

गंगावेशीकडचे एक काका होते, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, वय सत्तरीच्या पुढं. गुडघा बदलल्यावर विसाव्या दिवशी मी गेले तेव्हा गुडघा नारळासारखा सुजलेला. गोळी घेत नव्हते, "पैलवानाला गोळी कशाला." सकाळ-संध्याकाळ गुडघा वाकवणं शंभर-शंभर वेळा, जिना तीनदा. रात्री मात्र खुर्चीत बसून उजाडायची वाट बघायचे, आणि काकूंना सांगायची चोरी. मी त्यांना विचारलं, "वस्ताद नवीन पोराला पहिल्या दिवशी किती जोर मारायला लावायचे?" ते हसले. "दहा. अंग भरून आलं तर दुसऱ्या दिवशी मालिश." मग म्हटलं, हा गुडघा वीस दिवसांचं पोर आहे, तुम्ही त्याला शंभर लावताय. शब्द पटला. आकडे निम्म्यावर आणले, दुपारची झोपून पाय वर घ्यायची वेळ ठरवली, पॅरासिटामॉल सर्जनना विचारून सुरू केलं. पाचव्या रात्री सलग चार तास झोपले. पैलवान माणसाला विश्रांती हा व्यायामाचा भाग असतो हे समजावणं तसं सोपं. अवघड जातं ते सगळं आयुष्य ओट्याशी उभं राहिलेल्या बाईला समजावणं. आईंना तुम्ही "जरा चाला" म्हणता आणि त्या चालता चालता भाजी निवडतात, दूध तापवतात, देवघर पुसतात. उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त सूज आणतं. ओट्याशी अर्धा तास उभं राहिलं की रक्त आणि पाणी पायात उतरतं.

यासाठी माझा एक घरगुती ठोकताळा आहे. शिलाईची टेप घ्या. सकाळी उठल्यावर, चालायच्या आधी, वाटीच्या बरोबर मध्यावर गुडघ्याचा घेर मोजा. टेप कुठं धरली तिथं पेनानं बारीक ठिपका द्या, नाहीतर रोज जागा बदलते. रात्री आठला पुन्हा मोजा. सकाळी ४१ आणि रात्री ४१.५ असेल तर दिवस बेताचा गेला. ४२.५ झाला असेल तर त्या दिवशी जास्त झालं, आणि त्या रात्री आई दोनला उठणार हे तुम्ही मला आधीच सांगू शकाल. तीन-चार दिवसांत आईंनाच समजायला लागतं की कुठलं काम महागात पडतं. सांगून जे पटत नाही ते टेप पटवते.

व्यायामाबद्दल माझीच एक चूक सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. उत्तरेश्वर पेठेतल्या एका मावशींचा गुडघा नव्वद अंशांवर अडकला होता आणि मला घाई होती. एका संध्याकाळी जोर लावून वाकवला, शंभर करून दाखवला, घरचे खूश. त्या तीन रात्री त्या माउलीनं डोळा मिटला नाही, आणि मी चौथ्या दिवशी गेले तर दार उघडेनात. आठ दिवस व्यायाम बंद, गुडघा पुन्हा पंच्याऐंशीवर. तेव्हापासून माझा नियम असा: व्यायामानं दुखणं वाढायला हरकत नाही, पण ते तास-दोन तासांत मूळ जागी यायला हवं. त्या रात्रीची झोप गेली तर व्यायाम जास्त झाला.

म्हणून तुमच्या फिजिओला सांगा की संध्याकाळी सातची वेळ बदलून सकाळी दहा किंवा दुपारी चार करा. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉलची ठरलेली मात्रा येऊ द्या. व्यायाम झाल्यावर बर्फ, पंधरा ते वीस मिनिटं, मध्ये पातळ पंचा. फ्रीजरमधल्या मटारची पिशवी गुडघ्यावर छान बसते (त्यावर पेनानं "खायचे नाहीत" असं लिहून ठेवा). शुगर असेल किंवा जागा बधिर असेल तर दर पाच मिनिटांनी कातडी बघायची. गरम शेक, ओव्याची पुरचुंडी, तेल चोळणं हे सगळं आत्ता नको. गुडघा आधीच गरम आहे. जखमेभोवती हलक्या हातानं मालिश करायचं झालं तरी ते सर्जननी "आता चालेल" म्हटल्यावर.

चौथी जागा भेटायला येणाऱ्यांची. हसू नका. कागल-गडहिंग्लजकडून पाहुणे येतात, दुपारी दोन ते सहा. प्रत्येकाबरोबर आईंचा अर्धा कप चहा होतो. एका घरात मी मोजले, पाच पाहुणे, पाच अर्धे कप, शेवटचा साडेसहाला. झोप उडायला एवढं पुरतं. शिवाय त्यांतला एक तरी सांगतो की आमच्या चुलत्याचा गुडघा असाच होता, दोन वर्षांनी उघडावा लागला. हे ऐकून आई रात्री दोनला उठल्या तर नवल काय. पाहुण्यांची वेळ अकरा ते एक ठेवा. चारनंतर आईंना चहा नको, दूध किंवा पातळ ताक द्या. पाहुणे गेल्यावर दुपारी अर्धा तासच झोप, तीनच्या आत. रात्री झोप झाली नाही म्हणून दिवसा दोन-दोन तास झोपू दिलं तर रात्र पुन्हा कोरी जाते. सकाळी रात्र कशीही गेली असली तरी ठरलेल्या वेळी उठवा आणि गॅलरीत किंवा दारात खुर्ची टाकून उन्हात बसवा. शरीराला दिवस सुरू झाल्याचं तेवढ्यानं समजतं.

जेवणाचं एका ओळीत: तांबडा रस्सा रविवारी दुपारी चालेल, रात्री नको, गोळ्यांवर ॲसिडिटी होते. डाळी, अंडी, दूध, मटकी रोज पोटात जाऊ द्या, स्नायू त्यावरच भरून येतो.

ट्रॅमाडॉलनं आणि कमी हालचालीनं शौचाला कडक होतं, पोट फुगलेलं असलं की रात्री अंगाचा नुसता चिवडा होतो. पाणी, पपई, रात्री इसबगोल, आणि तीन दिवस झाले तर डॉक्टरांना विचारून औषध. कमोडवर उंच बैठक लावली नसेल तर लावून घ्या.

आता दोन वाजले आणि आई उठल्याच, तर काय करायचं तेही सांगते.

घड्याळ त्या खोलीतून काढा. "अजून चार तास" हा हिशेब दुखण्यापेक्षा जास्त छळतो. उठल्यावर आधी पडल्या पडल्या पाऊल वर-खाली, वीस-तीस वेळा. मग मांडी घट्ट करून गुडघा गादीवर दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. आखडलेला सांधा यानं मोकळा होतो. वहीत बघा, आधीच्या पॅरासिटामॉलला सहा तास झाले असतील आणि दिवसाची मर्यादा शिल्लक असेल तर सर्जननी ठरवून दिलेली मात्रा घेता येईल. ती गोळी आणि पाणी रात्री झोपतानाच उशाशी ठेवा, म्हणजे दिवे लावून सगळं घर जागं करावं लागत नाही. पंधरा मिनिटं बर्फ. वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसायचं, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं, खुर्चीत बसून मंद आवाजात अभंग ऐकायचे, श्वास घेताना चार आणि सोडताना सहा मोजायचे. जांभई आली की परत पलंगावर. मोबाईल हातात द्यायचा नाही.

आणि त्या वाटेवरचं पायपुसणं आजच उचला. पेठेतल्या जुन्या घरांत मोरी मागच्या बाजूला, मध्ये उंबरा आणि एक पायरी. रात्री अर्धवट झोपेत, गुंगीची गोळी घेतलेली, आणि पायाखाली सरकणारं पायपुसणं: बदललेल्या गुडघ्यावर पडायची हीच जागा. लहान दिवा रात्रभर चालू ठेवा. ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का ते फिजिशियनना विचारा, रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतील. वाट फार अडचणीची असेल तर महिनाभर पलंगाशेजारी कमोड चेअर भाड्यानं आणा. आईंना लाज वाटेल. सांगा की महिन्यानं परत द्यायचीच आहे.

झोपेची गोळी द्यावी का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून अल्प्राझोलाम आणू नका. या वयात ती तोल घालवते, सकाळी गोंधळल्यासारखं होतं. ट्रॅमाडॉल किंवा प्रिगाबालिनबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. आई घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. द्यायचीच ठरली तर तेच देतील, थोड्या दिवसांसाठी.

एक प्रश्न आईंना माझ्या वतीनं विचारा: रात्री दुखतं म्हणजे गुडघा ठणकतो, की दोन्ही पायांत वळवळतं, पाय हलवत राहावंसं वाटतं, उठून चाललं की बरं वाटतं? वळवळ असेल तर ते गुडघ्याचं दुखणं नाही. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, शरीरातलं लोह आधीच कमी असलं तर असे अस्वस्थ पाय मागे लागतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. यावर पेनकिलर कितीही दिली तरी उपयोग होत नाही, आणि कारण सापडलं तर इलाज तसा साधा असतो.

किती दिवस चालेल? बहुतेकांची झोप सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत रुळावर येते, काहींना तीन महिने लागतात. ते सरळ चढत जात नाही. तीन रात्री बऱ्या, एक वाईट, असं चालतं, आणि त्या एका वाईट रात्री सगळ्यांचा धीर सुटतो. तुम्ही आणि वहिनी रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, दोघांनी जागायची गरज नाही. तीन महिन्यांनंतरही रात्रीचं दुखणं तसंच राहिलं तर मात्र "सवय होईल" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, पुन्हा दाखवा. दहांतल्या एक-दोघांचं दुखणं नीट बसवलेल्या गुडघ्यातही लांबतं. त्यामागे कधी नस असते, कधी कंबर किंवा खुबा असतो, क्वचित आत दबून राहिलेला जंतुसंसर्ग असतो, आणि ते शोधावं लागतं. पण त्याची चिंता चोविसाव्या दिवशी करायची नाही.

आज रात्री गुडघ्याखालची उशी काढून गोधडीची गुंडाळी करा, उद्या सकाळी सर्जनना गोळ्यांचं विचारा आणि फिजिओची वेळ बदला. चार दिवस सकाळ-रात्र टेपचे आकडे आणि झोपेचे तास वहीत लिहा, मग ते पान मला पाठवा. हाताचं काय झालं तेही कळवा, गुडघ्याखालून आरपार गेला की नाही.